बोट लागल्यावर : किनारी विजेच्या अर्थशास्त्राची प्रस्तावना

नाशिकची द्राक्षं न्हावा शेवा बंदरात येतात ती रीफर कंटेनरमधून. जानेवारी ते एप्रिल हा त्यांचा हंगाम. पेटीच्या आतलं तापमान शून्य अंशाच्या आसपास राखावं लागतं, म्हणून यार्डात पेटी उतरली की पहिलं काम ठरलेलं: तिच्या तोंडाशी गुंडाळलेली केबल सोडवायची आणि किनाऱ्यावरच्या सॉकेटमध्ये बसवायची. कॉम्प्रेसर घुरघुरायला लागला की बागायतदाराचा जीव भांड्यात पडतो. मग बोट लागते. प्लग निघतो, क्रेन पेटी उचलून जहाजावर ठेवते, आणि तिथला खलाशी तीच केबल जहाजाच्या सॉकेटमध्ये घालतो.

एवढ्यात पेटी सरकली असेल काहीशे मीटर. वीज मात्र बदलली. यार्डात ती तारेतून येत होती, आता ती जहाजाच्या पोटातल्या डिझेल जनरेटरमधून येते. जहाज अजून धक्क्यालाच बांधलेलं आहे, दोर तसेच ताणलेले आहेत, आणि ज्या सॉकेटमधून काल रात्रभर द्राक्षं थंड राहिली ते सॉकेट डेकवरून दिसतंय. तरी वरचं धुराडं धूर ओकतंय.

असं का? या एका प्रश्नाच्या उत्तरात हा सगळा विषय मावतो. तुम्ही विजेचे अभियंते असा, अर्थशास्त्राचे विद्यार्थी असा, बंदरात नोकरी करणारे असा किंवा बंदराशेजारी उरणला राहणारे, खिडकीच्या गजांवर काजळी का बसते याचा विचार करणारे नागरिक असा, या विषयाचा दरवाजा तुम्हाला उघडा आहे. आत जाण्याआधी एक गोष्ट सांगायची आहे. ती अशी, की इथे तंत्रज्ञानाचं कोडं फारसं उरलेलं नाही. जे आहे ते पैशाचं आहे. त्यातही किती पैसे हा प्रश्न दुय्यम, कुणाचे पैसे हा मुख्य.

आधी शब्द. धक्क्यावरची माणसं शोअर पॉवर किंवा शोअर सप्लाय म्हणतात. इंग्रजी ग्रंथांत कोल्ड आयर्निंग हे जुनं नाव भेटेल. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते थंड इस्त्रीसारखं वाटतं. माझ्या वर्गात दरवर्षी कुणीतरी हसतंच. इस्त्रीचा त्याच्याशी काही संबंध नाही. कोळशावर चालणारी जहाजं बंदरात आली की भट्ट्या विझवत आणि इंजिनाचं लोखंड हळूहळू गार पडे, त्यावरून हे नाव आलं. मी किनारी वीज म्हणणार आहे.

बंदरात उभ्या जहाजाचं मुख्य इंजिन बंदच असतं. चालू असतात ती सहायक इंजिनं, म्हणजे जनरेटर. दिवे, पंप, स्वयंपाकघर, वातानुकूलन, रीफर पेट्या हे सगळं त्यांच्यावर चालतं. मध्यम आकाराच्या कंटेनर जहाजाला एक ते तीन मेगावॉट लागतात. रीफर जास्त असले तर आकडा वर सरकतो. क्रूझ जहाज म्हणजे तरंगतं हॉटेल, त्याची भूक सहा-सात मेगावॉटच्या पुढे सुरू होते. शिवाय जहाजाचा छोटा बॉयलर वाफेसाठी जळतच असतो, आणि किनारी वीज जोडली तरी तो विझत नाही. जाहिरातीत ‘शून्य धूर’ असं वाचलं की हा बॉयलर आठवावा.

इतिहास फार जुना नाही. नौदलाची जहाजं किनाऱ्यावरून वीज घेत आलीच आहेत, कारण ती आठवडेच्या आठवडे धक्क्याला असतात. व्यापारी जहाजांसाठी उच्च दाबाची जोडणी स्वीडनमधल्या गोथेनबर्ग बंदरात २००० साली आली. पण अर्थशास्त्र शिकायचं तर त्यानंतरच्या दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवाव्यात.

पहिली अलास्कातल्या जुनो गावाची. हे गाव रस्त्याने उरलेल्या जगाशी जोडलेलं नाही, आणि त्याचं वीजजाळंही एकटंच आहे. वीज येते डोंगरातल्या पाण्यावर. पाऊस-बर्फ चांगला झाला की पाणी उरतं, आणि उरलेलं पाणी विकायला दुसरं गाव नाही. उन्हाळ्यात मात्र क्रूझ जहाजांची रांग लागते. २००१ साली प्रिन्सेस कंपनीच्या जहाजांना इथे तारेने वीज द्यायला सुरुवात झाली. अट अशी, की पाणी कमी पडलं तर पहिली तार जहाजाची निघणार. त्या विक्रीचा फायदा गावकऱ्यांच्या बिलात उतरतो. वाया जाणारं पाणी, ठरलेल्या दिवशी येणारी ठरलेली जहाजं आणि महागडं डिझेल, या तिन्हींचा मेळ बसला आणि सौदा जमला.

दुसरी लॉस एंजेलिसची. तिथे सौदा जमला नव्हता, भांडण झालं होतं. बंदराने चायना शिपिंगसाठी नवं टर्मिनल बांधायला घेतलं, आणि शेजारच्या सॅन पेड्रो वस्तीतले रहिवासी पर्यावरण संघटनेला बरोबर घेऊन न्यायालयात गेले. २००३ मध्ये तडजोड झाली; तिच्यातल्या अटींपैकी एक अशी, की या टर्मिनलला लागणाऱ्या जहाजांनी किनारी वीज घ्यावी. जून २००४ मध्ये ते टर्मिनल सुरू झालं. पुढे २००७ साली कॅलिफोर्नियाने राज्यभरासाठी नियमच केला: २०१४ पासून ताफ्याच्या निम्म्या भेटी, २०२० पासून ८० टक्के भेटी जनरेटर बंद ठेवून. जुनोत बाजाराने जे केलं ते इथे खटल्याने आणि कायद्याने करवून घेतलं. या विषयावरचे बहुतेक वाद नीट ऐकले तर लक्षात येतं, की एकजण जुनोबद्दल बोलतोय आणि दुसरा लॉस एंजेलिसबद्दल.

आता हिशेब. इथे जरा थांबू, कारण माझी स्वतःची चूक इथलीच आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका बंदरासाठी मी अशा प्रकल्पाचं टिपण तयार केलं होतं. डिझेलचं युनिट काढलं, विजेचं युनिट काढलं, वीज स्वस्त ठरली, मी खूश. लेखा विभागातल्या एका बाईंनी चहा पिता पिता बंदराचं वीजबिल माझ्यापुढे सरकवलं आणि विचारलं, ‘‘सर, ही ओळ बघितलीत का?’’ ती ओळ होती मागणी आकाराची. मी फक्त वीज आकार धरला होता.

समजावून सांगतो. आकडे गोल आणि मानलेले आहेत. हिशेबाची चाल बघा. सहायक इंजिनाला एका युनिटमागे साधारण २१५ ग्रॅम इंधन लागतं. स्वच्छ मरीन गॅस ऑइल टनाला ७०० डॉलर आणि डॉलर ८५ रुपये धरला तर युनिट पावणेतेरा रुपयांना पडतं. पण आपल्या बंदरात ०.५ टक्का गंधकाचं स्वस्त तेल चालतं. ते ५५० डॉलरला मिळालं तर युनिट दहा रुपयांच्या आसपास. युरोपात बंदरात उभ्या जहाजाला २०१० पासून ०.१ टक्क्याची मर्यादा आहे, म्हणजे तिथे विजेची स्पर्धा महाग तेलाशी असते, आपल्याकडे स्वस्त तेलाशी. हा फरक परदेशी अहवालांवरून भारतीय निष्कर्ष काढणारे सर्रास विसरतात.

आता किनाऱ्याकडून बघू. वीज, वहन आणि शुल्क मिळून युनिटला आठ रुपये धरा. आठ म्हणजे दहापेक्षा कमी, झालं! मी इथेच थांबलो होतो. पण ५,००० केव्हीएची जोडणी घेऊन ठेवली, तर जहाज येवो न येवो, मागणी आकार लागणारच. महिन्याला केव्हीएमागे ५०० रुपये म्हटले तरी २५ लाख झाले. दोन मेगावॉट खाणारं जहाज २० तास थांबतं, म्हणजे एका भेटीत ४०,००० युनिट. महिन्यात अशा पाचच भेटी झाल्या तर युनिटमागे साडेबारा रुपये नुसते या आकाराचे, आणि वीज साडेवीसला गेली. पंधरा भेटींना ती बारा रुपये सतरा पैशांवर येते, पंचवीस भेटींना साडेदहावर. यात भांडवल अजून धरलेलंच नाही. उपकेंद्र, रूपांतरक, धक्क्याखालच्या केबली यांना ४० कोटी लागले आणि ते २० वर्षांत १० टक्के व्याजाने फेडायचे, तर वर्षाला सुमारे चार कोटी सत्तर लाख. पाच भेटींत ते युनिटमागे साडेएकोणीस रुपये होतात, पंचवीस भेटींत चार रुपयांच्या आत येतात.

म्हणजे पाच भेटींचा धक्का युनिटला चाळीस रुपये मागतो आणि पंचवीस भेटींचा साडेचौदाच्या आत. बायकोने हौसेने घेतलेली पैठणी वर्षातून एकदा नेसली काय आणि दहादा नेसली काय, कपाटातली किंमत तीच. एका नेसण्याची किंमत मात्र दहापट बदलते. या विषयात लोड फॅक्टर नावाची जी भानगड पानोपानी भेटेल ती एवढीच आहे. म्हणूनच नेमाने येणारी कंटेनर आणि फेरी जहाजं इथे लाडकी, आणि मिळेल तो माल घेऊन कुठेही जाणारं सुटं जहाज नावडतं. गोव्यातल्या मुरगाव बंदराचं उदाहरण घ्या. तिथे येणारी मालवाहू जहाजं अनेकदा पुन्हा वर्षभर दिसत नाहीत, आणि क्रूझ जहाजं पावसाळ्यात येत नाहीत. शिवाय बंदराशेजारच्या वास्कोच्या लोकांची जुनी तक्रार कोळशाच्या धुळीची आहे. ती जहाजाला वीज जोडून जाणार नाही. जिथे दुखतं तिथेच औषध लावावं.

वरच्या हिशेबात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. पंचवीस भेटींचा उत्तम धक्कासुद्धा स्वस्त तेलापुढे युनिटमागे सव्वाचार-साडेचार रुपयांनी हरतो. एका भेटीमागे ही तूट पावणेदोन लाखांच्या घरात जाते. त्या पावणेदोन लाखांत काय मिळतं? युनिटमागे दहा ग्रॅमच्या आसपास नायट्रोजन ऑक्साइड धरले, तर एका भेटीत सुमारे ४०० किलो वायू वस्तीच्या नाकाशी सोडले जायचे वाचतात, बरोबर थोडं गंधक आणि सूक्ष्म कण. आर्थर पिगू यांनी १९२० साली ज्या खर्चाकडे बोट दाखवलं, जो करणारा भरत नाही आणि शेजारी भरतो, तो हाच. ४०० किलोंची किंमत पावणेदोन लाखांहून जास्त आहे की कमी? धक्क्यापासून वस्ती किती लांब, वारा कुठला, मुलं-म्हातारी किती, यावर उत्तर ठरतं. एकच आकडा सगळ्या बंदरांना लावणारा अहवाल दिसला तर तो मिटून ठेवायला हरकत नाही.

आता कुणाचे पैसे याकडे वळू. जहाजावर जोडणीची यंत्रणा बसवायला काही लाख डॉलर लागतात. ती बसवणार जहाजाचा मालक. पण बरीच जहाजं मुदतीच्या भाड्यावर चालतात, आणि त्या करारात इंधनाचा खर्च भाडेकरू कंपनी करते. म्हणजे घरमालकाने सोलर हीटर बसवायचा आणि बिल भाडेकरूचं कमी व्हायचं! पुण्यातला कुठला घरमालक आनंदाने हे करेल? बंदराचीही तीच कथा. खर्च बंदराचा, हवा गावाची. गावाला मतपेटी असते, बंदराच्या जमाखर्चात मात्र तिचा रकाना नसतो.

करांचं तर उलटंच आहे. आंतरराष्ट्रीय जहाजांचं इंधन जगात बहुतेक ठिकाणी करमुक्त किंवा जवळपास तसं असतं; विजेवर मात्र शुल्क बसतं. युरोपीय संघाच्या २००३ च्या ऊर्जा-कर नियमांत ही विसंगती होती, म्हणून स्वीडन आणि जर्मनीने २०११ मध्ये जहाजांना दिल्या जाणाऱ्या विजेवरचा कर नाममात्र करण्याची खास परवानगी मिळवली. कागदाची एक ओळ बदलल्याने जे होतं ते कधीकधी कोटींच्या अनुदानाने होत नाही. आपल्याकडे याच्याही आधीचा प्रश्न आहे. वीज कायदा २००३ प्रमाणे वीज वितरणासाठी परवाना लागतो. मग बंदराने जहाजाला युनिटवर पैसे घेऊन दिलेली वीज ही विक्री की सेवा? विजेच्या गाड्यांच्या चार्जिंगबद्दल केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये ती सेवा आहे असा खुलासा केला. जहाज हीही एक मोठी गाडीच, असं एखादा वकील म्हणेल, पण जहाजात बॅटरी भरली जात नाही. वकिली शिकणाऱ्यांनी या फटीत जरूर डोकं घालावं.

पुन्हा द्राक्षांच्या पेटीकडे येतो. त्या पेटीला एक खोड नाही जी जहाजाला आहे. भारतातली वीज ५० हर्ट्झची, युरोपातलीही तीच. समुद्रावर फिरणारी बहुतेक मोठी जहाजं ६० हर्ट्झची. रीफर पेटी दोन्ही खाते. जहाज नाही. म्हणून किनाऱ्यावर वारंवारता बदलणारं यंत्र बसवावं लागतं, ते महाग असतं, जागा खातं आणि काही टक्के वीजही खातं. अमेरिकेतली वीजच ६० हर्ट्झची, त्यामुळे लॉस एंजेलिसला हा खर्च नव्हता. प्लगचा घोळ २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाने बराचसा मिटवला. कंटेनर जहाजाला ६.६ किलोव्होल्ट, क्रूझला बहुधा ११. गंमत अशी, की मानकानुसार कंटेनर जहाज आपली केबल आपल्याबरोबर आणतं आणि खाली सोडतं, तर क्रूझ जहाजाला केबल किनाऱ्याने द्यायची असते. कारण अगदी साधं आहे: कंटेनर जहाज धक्क्यावर कुठे उभं राहील ते क्रेनच्या सोयीने ठरतं, आणि क्रेनच्या रुळांवरून केबल हलवणारं यंत्र फिरवायला कुणीच तयार नसतं.

वर्षानुवर्षं या विषयाची गाठ ‘आधी कोंबडी की आधी अंडं’ इथे बसलेली होती. जहाजं तयार नाहीत म्हणून बंदरं बांधत नाहीत, बंदरं बांधत नाहीत म्हणून जहाजं बसवत नाहीत. ही गाठ आता युरोपने सोडवायला घेतली आहे. २०२३ च्या नियमांनुसार १ जानेवारी २०३० पासून ५,००० टनांवरच्या कंटेनर आणि प्रवासी जहाजांना तिथल्या मुख्य बंदरांत, दोन तासांहून जास्त थांबायचं असेल, तर काही अपवाद सोडता किनारी वीज घ्यावीच लागेल. शिवाय २०२४ पासून जहाजांच्या धुरावर तिथे कार्बनचा हिशेबही लागू झाला आहे, आधी ४० टक्के, मग ७०, मग पूर्ण. न्हावा शेव्याहून द्राक्षं घेऊन रॉटरडॅमला जाणारं जहाज तिकडच्या धाकाने सज्ज होऊनच इकडे येणार. म्हणजे आपल्या किनाऱ्यासाठी अर्धं कोडं दुसऱ्याच्या पैशाने सुटतं आहे. कोंबडी आली; अंडं ठेवायला टोपली आहे का, एवढंच आपल्याला बघायचंय.

या बातमीने हुरळून जाणाऱ्यांसाठी एक कडू घोट. जहाजाच्या जनरेटरमधून युनिटमागे सुमारे ०.७ किलो कर्बवायू निघतो. भारताच्या वीजजाळ्याची सरासरीही सध्या ०.७ किलोच्याच आसपास आहे. जुनोत पाण्याची वीज होती, तिथे कर्ब खरोखर वाचला. इथे आज जहाजाला साधी तार जोडली, तर हवामानाच्या खात्यात जवळजवळ काहीच जमा होत नाही. उरणच्या हवेचा फायदा खरा आहे, पण त्या बदल्यात धूर कुठे निघाला तेही विचारायला हवं. महाराष्ट्राच्या विजेचा मोठा हिस्सा कोळशाचा आहे, आणि चंद्रपूरच्या वीजकेंद्राशेजारी राहणाऱ्या माणसाला उरणच्या स्वच्छ हवेचा हिशेब ऐकवताना जीभ अडखळते. तिथलं धुराडं उंच असतं, गाळणी असते, जहाजाला दोन्ही नसतं, त्यामुळे बेरीज बहुधा फायद्याचीच येते. पण ती बेरीज मांडून दाखवावी लागते, गृहीत धरता येत नाही. किनारी वीज सौर वा पवन कराराला जोडली तर चित्र बदलतं. मात्र बोट रात्री दोनलाही लागते, आणि तेव्हा सूर्य नसतो.

तर या विषयात येणाऱ्याचं स्वागत करताना एक विनंती. पहिल्या दिवशी ग्रंथ उघडू नका. कुठल्याही बंदराची महिनाभराची बर्थिंगची नोंद मिळवा: कोणतं जहाज, किती वाजता लागलं, किती वाजता सुटलं, पुन्हा किती दिवसांनी आलं. मग त्याच बंदराचं वीजबिल शेजारी ठेवा. आमच्या क्षेत्रातले निम्मे शोधनिबंध या दोन कागदांशिवाय लिहिलेले असतात, आणि वाचताना ते कळतं. जहाज दोर बांधून झाल्यावर वीज जोडायला आणि सुटण्याआधी काढायला वेळ जातो, हेही त्या नोंदीत शोधा. सहा तास थांबणाऱ्या फेरीला तो वेळ जड जातो, चोवीस तासवाल्याला नाही.

हे सगळं आत्ताच सांगण्याचं कारण आहे. डहाणूजवळच्या वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. खर्च ७६,००० कोटींच्या वर. त्या बंदराला मच्छीमारांचा असलेला विरोध हा वेगळा आणि मोठा विषय आहे, त्याची वासलात एका परिच्छेदात लावणं योग्य नाही. पण जे कुठलं नवं बंदर बांधलं जाईल, तिथे धक्क्याच्या काँक्रीटखाली केबलसाठी रिकाम्या नळ्या आधीच टाकून ठेवायला लागणारा पैसा एकूण खर्चात दिसणारही नाही. तोच धक्का दहा वर्षांनी फोडायचा म्हटला, की बर्थ महिनोन्‌महिने बंद, जहाजं शेजारच्या बंदराकडे, आणि मागणी आकाराचं बिल आहेच. नळ्या टाकायच्या की नाहीत, हा निर्णय काँक्रीट ओतायच्या आदल्या आठवड्यात एखाद्या कनिष्ठ अभियंत्याच्या टेबलावर येतो, आणि त्याच्या हातात बहुधा असा कुठलाच हिशेब नसतो.